दादरचे विवाहपूर्व समुपदेशन: प्रश्नावली उपयोगाची, टक्केवारी नव्हे

पत्रिकेत छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले होते, घरचे निश्चिंत होते. तरीही साखरपुड्यानंतर आम्ही दोघांनी दादर पश्चिमेच्या एका केंद्रात विवाहपूर्व समुपदेशनाची तीन सत्रे घेतली, कारण आम्हाला एकमेकांचे स्वभाव नीट समजून घ्यायचे होते.

पहिल्या सत्रात स्वतंत्र खोल्यांत बसवून बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नवे अनुभव घेण्याची तयारी या पाच गुणांवरची प्रश्नावली भरून घेतली. मराठी भाषांतर कच्चे आहे.

अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘जुळणी 58 टक्के’ असे छापलेले होते आणि माझा आक्षेप नेमका याच आकड्याला आहे. स्वभावातील साम्याचा वैवाहिक समाधानाशी असलेला संबंध संशोधनांत फार क्षीण आढळला आहे; महत्त्वाचे ठरतात ते प्रत्येकाचे स्वतःचे गुण. केली आणि कॉन्ली यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात 1930 च्या दशकात विवाह ठरलेल्या 300 जोडप्यांचा 1980 च्या सुमारापर्यंत मागोवा घेतला होता, आणि त्यात दुःखी संसार व घटस्फोट यांच्याशी सर्वाधिक निगडित ठरली ती दोघांचीही भावनिक अस्थिरता आणि पतीचा स्वतःच्या आवेगांवर नसलेला ताबा. अर्थात हे कल अनेक जोडप्यांचे मिळून दिसतात. त्यावरून एखाद्या जोडप्याचे भविष्य सांगता येत नाही, आणि अहवालात हे कुठेही लिहिलेले नाही.

तिसऱ्या सत्राने मात्र समाधान झाले. माझी भावनिक अस्थिरता बरीच जास्त निघाली होती. समुपदेशक बाईंनी तो आकडा बाजूला ठेवून शेवटचे भांडण सविस्तर सांगायला लावले. पावसात मध्य रेल्वे ठप्प झाली, यांचा फोन बंद पडला, मी रात्रभर नाही नाही ते मनात आणले आणि पुढे दोन दिवस बोलले नाही, हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. मग अशा वेळी मी आरोपाऐवजी ‘मला भीती वाटली’ एवढेच म्हणायचे आणि यांनी खुलासा देण्याआधी ती भीती मान्य करायची, असे ठरवून त्यांनी आमच्याकडून ते समोरच तीनदा करवून घेतले. हे आम्ही अजूनही पाळतो.

केंद्राने टक्केवारीचे पान काढून टाकावे. जाणाऱ्यांनी तिसरे सत्र पन्नास मिनिटांऐवजी दीड तासाचे मागून घ्यावे; आम्हाला ते जादा शुल्क भरून मिळाले.