सरावाच्या मैदानासाठी पट्टा निवडताना: आठ महिने वापरलेल्या चार गळपट्ट्यांविषयी

आमच्या घरी दोन कुत्री आहेत. बंड्या हा चार वर्षांचा लॅब्राडॉर आणि सखी ही लातूरकडून आणलेली दीड वर्षाची कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची. दोघांनाही आठवड्यातून तीन दिवस पुण्याबाहेरच्या एका मैदानावर ओबीडियन्सच्या (आज्ञापालनाच्या) सरावाला नेतो आणि सखीचा अजिलिटीचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, सरावही तिथेच चालतो. गेल्या आठ महिन्यांत या दोघांवर मी चार प्रकारचे पट्टे वापरून पाहिले. त्यांपैकी दोन आज वापरात आहेत, एक खुंटीला टांगलेला आहे आणि एक कचऱ्यात गेला.

कचऱ्यात गेलेल्यापासून सुरुवात करतो. तो नायलॉनचा, अडीच सेंटिमीटर रुंदीचा आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायच्या प्लास्टिकच्या बकलाचा होता. घरच्या घरी आणि सकाळच्या फेरीला असा पट्टा पुरेसा असतो, हे मान्य करायला हवे. मात्र बत्तीस किलोचा लॅब्राडॉर समोरचा चेंडू पाहून झेपावतो, तेव्हा सगळा भार त्या दोन पातळ प्लास्टिकच्या दातांवर येतो. चौथ्या महिन्यात त्यांतला एक दात तुटला आणि बंड्या मैदानाच्या फाटकापर्यंत पोहोचला. फाटक बंद होते, एवढेच नशीब. दुकानदाराने पट्टा बदलून देण्यास नकार दिला आणि वर ‘कुत्रा फार ओढतो’ असे ऐकवले. कुत्रा ओढतो म्हणूनच तर पट्टा घेतात! तेव्हापासून सरावासाठी पिन असलेले धातूचे बकलच घ्यायचे, असा माझा नियम आहे. खरेदी करताना दोरी अडकवायची कडीही निरखून पाहावी. तिची दोन टोके जिथे मिळतात तिथे जोड पक्का वितळवलेला असावा, कारण नुसती वाकवून मिटवलेली कडी झटक्याने हळूहळू उघडत जाते.

खुंटीवरचा पट्टा कातडी आहे. खोगीर आणि लगामाच्या कामासाठी कानपूर प्रसिद्ध आहे आणि हा पट्टा तिथलाच, दुहेरी शिवणीचा आणि पितळी बकलाचा. हाताला याच्याइतका चांगला लागणारा दुसरा पट्टा मी पाहिलेला नाही. पंधरा दिवसांत तो बंड्याच्या मानेच्या आकाराला बसला आणि केसही कुठे घासले गेले नाहीत. पण जुलैमध्ये दोन दिवस ओला राहिल्यावर त्यावर पांढरी बुरशी धरली. पुसून, तेल चोळून, सावलीत वाळवून तो परत वापरात आणला, तर पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच झाले. नोव्हेंबर ते मे या काळात मी तो निःशंक सुचवेन, पावसाळ्यात मात्र त्याला कपाटाबाहेर काढू नये.

पावसाळ्यासाठी आणि आता बाराही महिन्यांसाठी बंड्याच्या गळ्यात बायोथेनचा पट्टा असतो. ही पॉलिस्टरची विणलेली पट्टी असते आणि तिच्यावर प्लास्टिकचा जाड थर चढवलेला असतो. पाणी आत मुरत नसल्यामुळे चिखलात लोळून आल्यावर पट्टा नळाखाली धरावा, फडक्याने पुसावा, काम संपले. नायलॉनच्या ओल्या पट्ट्याखाली बंड्याच्या मानेला दर पावसाळ्यात लाल चट्टा उठत असे, तो यंदा उठला नाही. किंमत नायलॉनच्या तिप्पट पडली, तरी मला ती वाजवी वाटते. उणीव एकच, ती शेवटी सांगतो.

सखीची गोष्ट वेगळी आहे आणि पट्टा निवडण्याचा खरा धडा मला तिनेच दिला. कारवानीचे डोके लांबट आणि निमुळते असते, मान मात्र भरीव आणि स्नायुदार. त्यामुळे मानेवर दोन बोटे जातील इतपत सैल, म्हणजे एरवी अगदी योग्य मापाचा साधा पट्टाही तिने ठरवले तर डोक्यावरून निघतो. दिवाळीत लांब कुठेतरी सुतळी बॉम्ब वाजला, सखी दोन पावले मागे सरली, मान खाली घातली आणि सदरा काढावा तितक्या सहज पट्टा काढून मोकळी झाली. सुदैवाने ती घाबरून माझ्याच पायाशी बसली. मुधोळ, पश्मी, ग्रेहाउंड अशा सगळ्याच सडपातळ शिकारी जातींत ही अडचण येते.

या कुत्र्यांसाठी मार्टिंगेल हा पट्टा बनला आहे. त्यात एक मोठा वेढा मानेभोवती असतो आणि त्याच्या दोन टोकांच्या कड्यांतून एक लहान वेढा ओवलेला असतो. दोरी त्या लहान वेढ्याला लावतात. दोरी ताणली की मोठा वेढा आवळतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. माप बसवताना दोरी पूर्ण ताणून पाहावी. त्या स्थितीत दोन कड्यांमध्ये दोनेक बोटांचे अंतर उरले पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे आणि कुत्रा निसटणार, असे समजावे. सखीचा पट्टा चार सेंटिमीटर रुंद आहे, त्यामुळे ताण एका रेषेत न येता मानेवर पसरतो. घरी आल्यावर तो काढून ठेवतो, कारण लोंबता वेढा खाटेच्या पायात किंवा दुसऱ्या कुत्र्याच्या दातात अडकू शकतो.

मैदानावरच्या जुन्या मंडळींचा भर अजूनही चोक चेनवर, म्हणजे ओढताच गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीवर आहे. ती डाव्या बाजूला चालणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात समोरून पाहताना इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखी दिसेल अशीच घालावी लागते. उलटी घातली तर दोरी सैल सोडल्यावरही साखळी आवळलेलीच राहते. मी मैदानावर पाहिलेल्या साखळ्यांपैकी बऱ्याच उलट्या होत्या. आवळण्याला मर्यादा नसलेले साधन दर झटक्याला नेमके सोडणारा हात माझ्याकडे नाही, म्हणून मी ती विकत घेतली नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत तर श्वासनलिका मुळातच नाजूक असते, तिथे ओढाओढीसाठी गळ्याऐवजी छातीचा हार्नेसच बरा. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याविषयी फार लिहीत नाही. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे आणि मला ती योग्य वाटते.

स्पर्धेत उतरायचे असेल तर त्या खेळाचे नियम आधी वाचावेत आणि पट्टा नंतर घ्यावा, कारण खेळागणिक अपेक्षा बदलतात. अमेरिकन केनेल क्लबच्या ओबीडियन्स रिंगणात साधा बकलाचा किंवा सरकता (ओढला की आवळणारा) पट्टा चालतो, काट्यांचा किंवा विजेचा चालत नाही आणि पट्ट्याला काहीही लटकत असता कामा नये. म्हणजे नावाचा बिल्ला आणि घुंगरू दोन्ही बाहेर. जर्मन परंपरेच्या आयजीपीमध्ये, म्हणजे माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तिहेरी स्पर्धेत, एकेरी कड्यांची सैल साखळी घालण्याची पद्धत आहे, पण दोरी तिच्या आवळणाऱ्या कडीत अडकवायची नसते. अजिलिटीत अडथळ्याला पट्टा अडकला तर कुत्र्याचा जीव धोक्यात येऊ शकतो, त्यामुळे सखी तिथे मोकळ्या गळ्याने धावते. सुरुवातीच्या रेषेवर मी पट्टा काढला की तिचे कान उभे राहतात. काम सुरू होण्याची खूण तिने तीच धरली आहे.

बायोथेनच्या पट्ट्याची राहिलेली उणीव म्हणजे त्याची पितळी कडी. पावसात ती हिरवी पडते आणि बंड्याच्या पिवळसर केसांवर गळ्याखाली बोटभर हिरवट डाग उमटतो. चिंचेने घासली की आठवडाभर कडी लखलखते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढचा पट्टा स्टेनलेस स्टीलच्या कडीचा मागवला आहे, माप तेच, रंग मात्र नारिंगी, संध्याकाळच्या अंधारात मैदानाच्या टोकावरूनही दिसेल असा.