दार दाबलं की चालणारा मायक्रोवेव्ह आणि माझे ४,४५० रुपये

बँकेत २२ वर्षं नोकरी. ‘अनोळखी व्यक्तीला पैसे पाठवू नका’ ही पाटी माझ्याच काउंटरवर आहे. तरी फसले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमचा मायक्रोवेव्ह २०१७ चा. बटण दाबलं की ढिम्म, दार जरा आत दाबून धरलं की सुरू. कंपनीचं नाव टाकून सर्च केलं आणि पहिला आला तो नंबर लावला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. खरा कस्टमर केअर सहसा मॉडेल आणि सिरियल नंबर विचारतो, फोन उचललेल्या बाईने फक्त पत्ता विचारला. सिरियल नंबर मागच्या स्टिकरवर असतो आणि कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावर. माझं कार्ड ड्रॉवरमध्येच होतं. पण सकाळची घाई, डबे, कुकर... असो.

तासाभरात माणूस हजर. मी दार दाबून मशीन सुरू करून दाखवलं. वाटीतलं पाणी मिनिटभरात गरम झालं. त्याच पाण्यात बोट बुडवून तो म्हणाला, “मॅडम, मॅग्नेट्रॉन गेलाय.”

रात्री दोन-दोन वाजता मला ते बोट आठवतं. अहो, मॅग्नेट्रॉन म्हणजे तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, तोच गेला असता तर पाणी तापवलं कोणी? मी फिजिक्सची पदवीधर आहे! पण गळ्यात ओळखपत्र, ‘मॅडम मॅडम’ करणारा, पोराच्या वयाचा. संशय घ्यायची लाज वाटली. मशीन त्याने गॅलरीत नेलं, ‘रेडिएशन असतं’ म्हणून मला आत थांबवलं. व्हिजिट ३५०, मॅग्नेट्रॉन ३,२००, लेबर ९००. पैसे यूपीआयने, तेही कुठल्याशा बाईच्या नावावर. बिल व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं.

आठव्या दिवशी दूध तापवताना मध्येच दार उघडलं, तर आतली प्लेट फिरतच होती. दिवा चालू, पंखा चालू. हात आत घातला नाही, हे नशीब. भिंतीवरचं बटण बंद केलं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या एका जुन्या दुकानात मशीन नेलं. काकांनी कव्हर काढल्यावर पहिल्यांदा वीज साठवणारा कपॅसिटर डिस्चार्ज केला. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा चार्ज राहू शकतो, म्हणून व्हिडिओ बघून घरी उघडायच्या फंदात पडू नका. दार उघडलं की मशीन बंद करणारे दाराचे तीन स्विच असतात, त्यातले दोन तारेने शॉर्ट केलेले, तिसऱ्याची वायर उपटलेली. मॅग्नेट्रॉन मूळचाच, स्क्रूंवर इतक्या वर्षांची धूळ जशीच्या तशी. तिन्ही स्विच बदलून काकांनी ६५० घेतले आणि जुने स्विच पुडीत बांधून हातात दिले. जुना पार्ट नेहमी मागून घ्या.

मग चौकी. “माणूस तुम्हीच बोलावला, पैसे तुम्हीच दिले, मग फसवणूक कसली ताई?” म्हटलं, उघड्या दाराने मायक्रोवेव्ह चालत होता, कोणी भाजलं असतं. “भाजलं का?” नाही. “मग?” अर्ज लिहून दिला तर पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब होते, तर अर्ज सापडेना. तिसऱ्या खेपेला सांगितलं, नंबर परराज्यातला आहे, सायबरकडे जा. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं? दोन अर्ध्या रजा गेल्या माझ्या. कंपनीला मेल केला, तर ‘सदर व्यक्ती आमची नाही’ आणि खाली नव्या मायक्रोवेव्हवर एक्स्चेंज ऑफर!

पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. मी नवव्या दिवशी लावला, तोवर त्या खात्यात काय उरणार? ग्राहक म्हणून तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर होते. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण त्या माणसाचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे फक्त मोबाइल नंबर.

तो परवापर्यंत चालू होता. सर्चमध्ये अजूनही पहिलाच येतो.