एसटी स्टँडासमोरचं ऑनलाइन सेवा केंद्र: आखातात निघालेल्या आयटीआयवाल्यांसाठी

वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून आखातात जायचं ठरलं की पहिली चक्कर तालुक्याच्या याच केंद्रात होते. साध्या ३६ पानी पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये. अर्ज भरण्याचे पैसे वेगळे, ते आधीच विचारून घ्या.

नावाच्या बाबतीत हे लोक पक्के आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, त्यातही कुठे ‘राव’ नाहीतर ‘भाऊ’ चिकटलेलं. ऑपरेटर दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवतो. फरक दिसला की आधी आधार दुरुस्त करून आणायला लावतो. एक चक्कर वाढते खरी, पण नागपूरच्या पासपोर्ट केंद्रातून हात हलवत परतण्यापेक्षा बरं.

उणीव मात्र मोठी आहे. दहावी पासचं प्रमाणपत्र जोडायला ते आपणहून सांगत नाहीत. ते नसलं की पासपोर्टवर ईसीआरची (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) नोंद येते, आणि सौदी, कतार, कुवेत धरून १८ देशांत कामाला जाण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवरून वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी झालेल्या पोराला हा नाहक ताप.

काउंटरवर परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटांचे नंबर चिकटवलेत, त्यांच्यावर विसंबू नका. एजंटची नोंदणी ई-मायग्रेटवर तपासा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका, वावर गहाण टाकून तर मुळीच नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी फार. दुसऱ्या दिवशी सकाळीच जा.