लिस्बन की पोर्तो? पोर्तुगीज फूड टूरचे पैसे कुठे खर्चावेत

पोर्तुगालला निघालेल्या मराठी माणसाच्या यादीत हल्ली फूड टूर असतेच. जुन्या शहरातून तीन-साडेतीन तास चालायचं, पाच-सहा ठिकाणी थांबून थोडं थोडं खायचं, आणि बरोबरचा गाइड गल्लीबोळांच्या गोष्टी सांगत राहणार. माणशी साधारण 70 ते 100 युरो पडतात. दोघांचे मिळून चौदा ते वीस हजार रुपये झाले. दोन्ही शहरांत ही चैन करण्यात मला अर्थ वाटत नाही. एकीकडेच करायची तर माझं मत लिस्बनच्या बाजूने आहे. पोर्तो बिनगाइडचं खावं. हे मत उलटावं असे काही लोक आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी ताटाचं बोलू, कारण आपल्याकडच्या बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो.

पोर्तो हे मांसाचं शहर आहे. तिथले लोक स्वतःला अभिमानाने 'त्रिपैरू' म्हणवतात, म्हणजे वजडी खाणारे. 1415 साली उत्तर आफ्रिकेतल्या सेउता शहरावर स्वारी करायला आरमार निघालं तेव्हा शहराने चांगलं मांस जहाजांवर चढवलं आणि स्वतःसाठी फक्त आतडी-कोथळे ठेवले, अशी कथा आहे. गाइड ती इतिहास म्हणून सांगतात, आपण दंतकथा म्हणून ऐकावी. पदार्थ मात्र खरा आहे. वासराच्या पोटाचे तुकडे, पांढरे बीन्स, सॉसेज, गाजर आणि चक्क जिरं. वजडीवर जीव असलेल्याने हे चुकवू नये.

पण टूरवाल्यांचा हुकमाचा पत्ता वेगळाच, फ्रान्सेझिन्या. 1950 च्या दशकात पोर्तोतल्या एका रेस्टॉरंटमध्ये हे सँडविच जन्मलं, क्रोक मस्यू या फ्रेंच हॅम-चीज सँडविचवरून सुचलेलं. पावाच्या दोन जाड स्लाइसमध्ये हॅम, दोन प्रकारची सॉसेजेस आणि बीफचा तुकडा, वरून चीजची चादर, आणि या सगळ्यावर टोमॅटो-बिअरचा गरम तिखटसर सॉस ओततात. बरेचदा डोक्यावर अर्धकच्चं तळलेलं अंडंही असतं. सुरी घातली की बलक सॉसमध्ये उतरतो, खालचा पाव भिजून जड होतो आणि कडेचे फ्राइज त्यात बुडवायचे असतात. हे खाऊन झाल्यावर टूरचे पुढचे तीन थांबे कुणाला हवेसे वाटतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो. शहाणे गाइड एक फ्रान्सेझिन्या चौघांत वाटतात. त्याखेरीज बिफाना, म्हणजे पातळ कापून रश्शात शिजवलेलं डुकराचं मांस पावात घालून. पोर्तोत ते लिस्बनपेक्षा तिखट आणि रसाळ मिळतं, आणि तेच मला जास्त आवडतं. सारांश, डुक्कर आणि बीफ वगळा म्हटलं की पोर्तोच्या टूरमधले निम्म्याहून जास्त घास गळतात. गाइड बिचारा तुम्हाला प्रत्येक थांब्यावर चीज आणि पाव देत राहतो. पैसे पूर्ण, खाणं अर्धं.

लिस्बनमध्ये डुक्कर नाही असं नाही, बिफाना तिथेही कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. पण तिथल्या टूरचा कणा मासळीचा आहे. डब्यातले सार्डिन आणि मॅकरेल, कोळंबी, ऑक्टोपस, कॉडची भजी, आणि अर्थात बाकाल्याव, खारवून वाळवलेला कॉड. कोकणातल्या माणसाला सुक्या मासळीचं कौतुक सांगायला नको, पण इथला आकार बघून तोही थबकेल. दुकानात हातभर लांबीच्या, फळीसारख्या कडक पाठी रचलेल्या असतात आणि दुकानदार यंत्राच्या पात्याखाली धरून त्यांचे तुकडे करून देतो. शिजवण्याआधी हे तुकडे दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचे. मजा म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. मुख्यतः नॉर्वे आणि आइसलंडकडून येतो आणि तरीही राष्ट्रीय खाद्य म्हणून मिरवतो. बारीक बटाट्याच्या सळ्या, कांदा आणि अंड्यात परतलेला 'बाकाल्याव आ ब्राश' हा लिस्बनचा प्रकार पहिल्यांदा खाणाऱ्याला सर्वांत सोपा जातो.

आता शाकाहारी. खरं सांगायचं तर नेहमीच्या टूर तुमच्यासाठी नाहीत. अंडं चालत असेल तर लिस्बनमध्ये निभावतं. फरसबी पिठात बुडवून तळलेले 'पेइशिन्यूश द ओर्ता' आहेत, ऑलिव्ह, मक्याचा पाव, वाटीत मिठाच्या पाण्यातले लुपिनचे पिवळे दाणे, आणि पाश्तेल द नाता, तो अंड्याच्या बलकाचा कस्टर्ड भरलेला, वरून डागाळलेला टार्ट. एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी: सेर्रा द एश्त्रेला आणि अझेइताव ही मेंढीच्या दुधाची चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरत नाहीत, काटेरी कार्डून वनस्पतीची वाळलेली फुलं वापरतात. म्हणून चीजच्या बाबतीत कट्टर शाकाहाऱ्यालाही ती चालावीत. पिकलेलं सेर्रा वरची चकती कापून चमच्याने खातात, इतकं मऊ असतं. उलट केलच्या हिरव्या सुपाला, काल्दु वेर्दला, भुलू नका, त्यात सॉसेजची चकती तरंगतेच. 'मांस नको' एवढंच सांगितलं तर हॅम आणि सॉसेज मांसात धरत नाहीत असे वेटर अजून आहेत. नाव घेऊन सांगावं: 'सें कार्न द पोर्कु, सें कार्न द वाका', म्हणजे डुक्कर नको, गाय नको. जैन पथ्य असेल तर टूर बुक करू नका, तेवढ्या पैशांत चांगल्या भारतीय हॉटेलात दोनदा जेवण होतं.

ताट बाजूला ठेवलं तरी माझं मत लिस्बनकडेच झुकतं, कारण गाइडची गरज तिथे जास्त आहे.

लिस्बनच्या मध्यातल्या रोसिओ या मोठ्या चौकाला लागून सांत दोमिंगुशचा छोटा चौक घ्या. तिथे 1840 पासूनचं जिंजाचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन-चार माणसं उभी राहतील एवढा गाळा. काउंटरवर दीड-दोन युरो ठेवायचे, आंबट चेरीच्या लिकरचा छोटा पेला मिळतो. 'फळासकट की फळाविना' एवढाच प्रश्न विचारतात. फळासकट घ्या, ते बी तोंडात घोळवत चौकात उभं राहायचं असतं. एकटा गेलेला प्रवासी पेला संपवतो, फोटो काढतो आणि निघतो. पण समोरच्या चर्चमध्ये 1959 च्या आगीने तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. चर्चबाहेर 1506 च्या कत्तलीचं स्मारक आहे. याच ठिकाणाहून उसळलेल्या जमावाने बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना हजारोंच्या संख्येने मारलं. चौकात दिवसभर पश्चिम आफ्रिकेतून आलेली मंडळी गप्पा मारत उभी असतात. आणि मागच्या चढावर मोरारिया सुरू होतं. 1147 मध्ये शहर ख्रिस्ती राजाने जिंकल्यावर मुसलमानांना तटाबाहेर जिथे राहू दिलं, ती वस्ती. एवढं सगळं शंभर पावलांत आहे, आणि सांगणारा नसेल तर त्यातलं काहीच दिसत नाही.

मोरारियातल्या ताश्का, म्हणजे चार-पाच टेबलांच्या खानावळी, हाही गाइड घेण्याचं कारण. कागदावर हाताने लिहिलेला मेनू, तोही पोर्तुगीजमध्ये, आणि आत शिरायला थोडा संकोच वाटेल असं दार. त्याच भागात मार्तिं मोनिश चौकाच्या आसपास तूरडाळ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या विकणारी बांगलादेशी आणि भारतीय दुकानं आहेत. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या स्वयंपाकाची छोटी रेस्टॉरंट्सही इथेच सापडतात. 1961 नंतर गोव्यातून आणि 1975 च्या स्वातंत्र्यानंतर मोझांबिकमधून आलेल्या गोवेकरांनी लिस्बनला शाकुती आणि समोसा दिला. समोसा तर इतका मुरला की साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटात 'शामूसा' म्हणून बसलेला असतो. आत सहसा मांस असतं, ओळखीचा चेहरा बघून बेसावध राहू नका. मला विचाराल तर या ताटातल्या सरमिसळीसाठीच लिस्बनची टूर घ्यावी. म्हणून बुक करताना मोरारियाचा मार्ग निवडा. नुसती बाइशाची, म्हणजे 1755 च्या भूकंपानंतर सरळ रेषांत बांधलेल्या सपाट भागाची टूर जास्त चकचकीत आणि कमी रुचकर असते. बेलेंचं प्रसिद्ध 1837 चं पेस्ट्रीचं दुकान या कुठल्याच मार्गात येत नाही, ते सहा-सात किलोमीटर दूर आहे. ट्रामने स्वतंत्र जा.

पोर्तोचा जुना गाभा त्या मानाने एका दमात समजतो. सकाळी बोल्याव बाजारापासून निघा. 1914 ची इमारत, मोठ्या दुरुस्तीनंतर 2022 च्या सप्टेंबरात पुन्हा उघडली. खाली मासळी, भाजी, फुलं, चीज, आणि हातात वाइनचा ग्लास घेऊन गाळ्यागाळ्यांवर चाखत फिरायची मुभा. समोरच 1917 चं किराण्याचं दुकान, दर्शनी भिंतीवर टाइल्सची चित्रं. मग साव बेंतो स्टेशनच्या दालनातल्या वीस हजारांच्या आसपास निळ्या टाइल्स बघायच्या, रुआ दास फ्लोरेशने उतरत रिबैराच्या काठावर यायचं, 1886 च्या दों लुईश पुलाच्या खालच्या मजल्यावरून नदी ओलांडायची. पलीकडच्या काठावर, गाया नावाच्या शहरात, पोर्ट वाइनची कोठारं आहेत, आणि प्रत्येक कोठाराची स्वतःची मार्गदर्शित फेरी असते, टेस्टिंगसकट. म्हणजे पोर्तोत जिथे गाइड खरोखर हवा, तिथे तो वेगळं तिकीट काढून मिळतोच. दुहेरी पैसे कशाला? सगळा रस्ता जेमतेम दोन किलोमीटरचा, आणि बहुतेक उताराचा.

स्वतः फिरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. बसताच टेबलावर आलेला पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, पैसे लागत नाहीत. आणि मोठ्या प्लेटऐवजी 'मेया दोझ', अर्धी प्लेट मागा, ती एकाला भरपूर होते. स्वयंपाकघरं दुपारी तीनच्या सुमाराला बंद होतात ती संध्याकाळी साडेसातलाच उघडतात. मधल्या वेळात पेस्ट्रीवर दिवस काढावा लागतो, त्यात काही वाईट नाही.

गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर लिस्बनच्या टूरबद्दल आधी नीट विचारा. मोरारिया आणि आल्फामा चढाचे आहेत, आणि पांढऱ्या घडीव दगडांचे फुटपाथ पावसात बुळबुळीत होतात. त्यांच्यासाठी बाइशाची सपाट टूर बरी, चकचकीत असली तरी.

मग पोर्तोची टूर घ्यावी कुणी? ज्यांची सहल फक्त उत्तरेला आहे आणि लिस्बनला जाणारच नाहीत त्यांनी. ज्यांच्याकडे पोर्तोसाठी एकच दिवस आहे, लिस्बनहून तीन तासांची गाडी पकडून सकाळी येतात आणि रात्री परततात, त्यांनी. आणि डुक्कर-बीफ बिनदिक्कत खाणाऱ्या चार मित्रांनी, कारण तिथले गाइड माणसं मोकळी करतात आणि वाइन ओतताना हात आखडत नाहीत. दारू न पिणाऱ्याने दोन्हीकडे आधी विचारावं. किमतीत वाइन धरलेली असते आणि ती नाकारल्यावर पैसे क्वचितच कमी होतात.

वार मात्र जपून निवडा. रविवारी बोल्याव बंद, अनेक ताश्काही बंद. सोमवारी ताजी मासळी शिळीकडे झुकलेली असते, कारण रविवारी लिलाव नसतो. सार्डिन ताजे भाजलेले हवे असतील तर जून ते सप्टेंबर, पण 12 जूनच्या रात्री लिस्बनमध्ये आणि 23 जूनच्या रात्री पोर्तोत टूर बुक करू नका. संतांच्या उत्सवात अख्खं शहर रस्त्यावर सार्डिन भाजत असतं, दहा जणांचा गट धड हलत नाही. त्या रात्री नुसतं बाहेर पडावं.