सी१० पिकअपखाली कॉर्व्हेट सी५ची यंत्रणा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी १९७२ची शेव्हरोले सी१०, आखूड हौद्याची. तिच्याखाली २००२च्या कॉर्व्हेट सी५ची जवळजवळ सगळी चालती यंत्रणा आहे: एलएस१ इंजिन, टॉर्क ट्यूब (इंजिन मागच्या गिअरबॉक्सला जोडणारी, आत फिरता शाफ्ट असलेली ताठ नळी), गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकत्र असलेला मागचा सहा गिअरचा ट्रान्सअ‍ॅक्सल, पुढचे-मागचे अ‍ॅल्युमिनियम क्रॅडल (इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटी), सस्पेन्शन, स्टिअरिंग रॅक आणि ब्रेक. नऊ महिन्यांत ती सुमारे ११,००० किमी धावली. त्यात हायवे, शहरातली गर्दी, पाऊस आणि थोडेफार ओझे असे सगळे आले.

नुसत्या ताकदीसाठी हा खटाटोप करू नका. ३५० अश्वशक्तीचे एलएस१ जुन्याच चासीवरही बसते आणि ते काम कितीतरी सोपे आहे. या बदलातून खरे पदरात पडते ते सस्पेन्शनचे माप: कुठला आर्म कुठे टेकतो, टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) कुठल्या उंचीवर आहे, गिअरबॉक्सचे वजन कुठल्या चाकांवर आहे. ही मापे एकमेकांत गुंतलेली आहेत. क्रॅडल घेतले पण रॅक दुसरा लावला, किंवा आर्म घेतले पण त्यांचे बिंदू चासीवर अंदाजाने वेल्ड केले, तर नाव कॉर्व्हेटचे राहते आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढते. म्हणून क्रॅडल, आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), रॅक, टाय रॉड आणि अँटी-रोल बार एकाच गाडीचे घ्यायचे आणि त्यांचे आपसातले अंतर एक मिलिमीटरही हलवायचे नाही.

सगळ्यात मोठे गणित व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचे आहे. सी५चा व्हीलबेस १०४.५ इंच, आखूड सी१०चा ११५. फरक साडेदहा इंचांचा, म्हणजे २६७ मिमी. सी५मध्ये इंजिन, टॉर्क ट्यूब आणि ट्रान्सअ‍ॅक्सल मिळून एकच ताठ कणा होतो, तेव्हा हे २६७ मिमी कुठेतरी भरून काढावेच लागतात. इंजिन तेवढे मागे न्यायचे म्हटले तर ते सरळ केबिनमध्ये शिरते, कारण सी५मध्ये ते आधीच पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसलेले असते. फायरवॉल कापली तरी पेडलला जागा उरत नाही. दुसरा मार्ग ट्रान्सअ‍ॅक्सल सोडून देण्याचा: १९९८ ते २००२च्या कॅमॅरोचा टी५६ गिअरबॉक्स इंजिनाला जोडायचा आणि मागे वेगळा डिफरेन्शियल बसवायचा. तो रस्ता सोपा आहे, पण गिअरबॉक्सचे वजन पुन्हा पुढे येते आणि रिकाम्या हौद्याच्या गाडीची शेपूट हलकीच राहते. आम्ही तिसरा मार्ग घेतला, टॉर्क ट्यूब लांबवण्याचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. साध्या रचनेत प्रॉपेलर शाफ्ट गिअरबॉक्सच्या नंतर असतो. इंजिन ६,००० आरपीएमवर असताना २.६६ गुणोत्तराच्या पहिल्या गिअरमध्ये तो जेमतेम २,२५० वर फिरतो. सी५मध्ये शाफ्ट क्लच आणि गिअरबॉक्स यांच्या मधे आहे, त्यामुळे कुठल्याही गिअरमध्ये तो इंजिनाच्याच वेगाने फिरतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून उभे राहिलात तरी तो फिरतच असतो. शाफ्टचा क्रिटिकल स्पीड (ज्या वेगाला तो स्वतःच थरथरून वाकू लागतो) लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, म्हणजे दोन आधारांमधली लांबी २० टक्के वाढली की तो सुमारे ३० टक्के खाली येतो. मूळ शाफ्टमध्ये तुकडा जोडून काम भागणार नाही. जास्त व्यासाचा नवा शाफ्ट हवा, बॅलन्स पूर्ण वेगाला केलेला हवा, आणि ट्यूबची दोन्ही फ्लँज वेल्डिंगनंतर पुन्हा लेथवर समांतर करून घ्यायला हवीत.

पहिला शाफ्ट पोलादी होता, भक्कम पण जड. ४,५०० आरपीएमला बारीक थरथर यायची. ती बॅलन्सने गेली, पण दुसरी अडचण गेली नाही. हा शाफ्ट क्लच प्लेटच्या मागे असल्याने गिअर बदलताना सिंक्रोनायझरला (गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्याचेही वजन थांबवावे लागते. सकाळी थंड गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना लिव्हर अर्ध्यावर अडायचा, दाते एकमेकांवर घासल्याची खरखर हाताला लागायची आणि एका क्षणाने गिअर आत पडायचा. तेलही बदलून पाहिले. गिअरबॉक्सला डेक्सरॉन ३ एटीएफ आणि डिफरेन्शियलला ७५डब्ल्यू-९० गिअर तेल लिमिटेड स्लिपच्या अ‍ॅडिटिव्हसह लागते; दोन्ही एकमेकांना जोडलेले असले तरी तेल वेगळे. त्याने थोडाच फरक पडला. अ‍ॅल्युमिनियमचा जाड व्यासाचा शाफ्ट आला तेव्हाच खरखर बंद झाली. हे काम करणार असाल तर पोलादी शाफ्टवर पैसे घालवू नका.

चासीकडे येऊ. सी१०ची चासी उघड्या सी-चॅनलची आहे. ती पिळली जाते, आणि जुन्या सस्पेन्शनला ते चालत होते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या खाली चासी पिळली तर क्रॅडलचे चार बिंदू एकमेकांशी भांडतात आणि अलाइनमेंट टिकत नाही. म्हणून चॅनलची उघडी बाजू ४ मिमी पत्र्याने बंद करून पेटी करावी लागते. वेल्डिंग सलग ओढू नये. ५० मिमीचे टाके, एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे धातू हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबायचे. घाई केली तर चासी केळ्यासारखी वाकते आणि पुढची सगळी मापे वाया जातात.

क्रॅडल बसवण्याचा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटला. आधी चासी ठेवून तिला क्रॅडल जोडायला जाऊ नका. पुढचे क्रॅडल, इंजिन, लांबवलेली ट्यूब, ट्रान्सअ‍ॅक्सल आणि मागचे क्रॅडल हे सगळे सपाट जमिनीवर एकत्र बोल्ट करा, लेव्हल आणि कर्ण तपासा, आणि मग वरून रिकामी चासी उतरवा. ब्रॅकेट या तयार कण्याला जुळवून बनवायचे. कर्णांतला फरक २ मिमीच्या आत असावा. क्रॅडल एका रेषेत नसतील तर टॉर्क ट्यूब कायम ताणाखाली राहते आणि तिच्यातले रबर कपलिंग व बेअरिंग लवकर जातात. क्रॅडलचा पुढे-मागे झुकावही मूळ गाडीइतकाच ठेवा. चेहरा खाली दिसावा म्हणून क्रॅडल तिरके बसवले तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बिघडतो आणि तो मग कॅम बोल्टच्या आवाक्यात राहत नाही. आमच्या गाडीत पुढे कॅस्टर ७ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश आणि टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली असणे) अगदी नावापुरते आहे. इतक्या महिन्यांत एकदाच थोडे सरकले होते.

रुंदी आधी मोजा, मग क्रॅडल विकत घ्या. सी५चा ट्रॅक ६२ इंच लिहिलेला असतो, तो टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचा. पण त्या गाडीच्या चाकांचा ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचे अंतर) ५० मिमीहून जास्त आहे, म्हणजे हबची तोंडे दोन्ही बाजूंना आणखी तेवढी बाहेर असतात. जुनी कमी ऑफसेटची चाके लावायला गेलात तर टायर मडगार्डच्या बाहेर येतो. बोल्टची रचनाही वेगळी: १९७१-७२च्या सी१०ची पाच बोल्ट ५ इंचांवर, कॉर्व्हेटची ४.७५ इंचांवर. अ‍ॅडॅप्टर लावून जुनी चाके वापरण्याचा मोह टाळा, ते चाकाला आणखी बाहेर ढकलतात.

स्प्रिंगबद्दल पुष्कळ वाद होतात. सी५मध्ये पुढे-मागे आडवा कॉम्पोझिट पाटा आहे. बहुतेक जण तो काढून कॉइलओव्हर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरभोवतीची गुंडाळी स्प्रिंग) लावतात. आम्ही पाटा ठेवला आणि नऊ महिन्यांनंतर तेच बरोबर वाटते. पाट्याचा भार क्रॅडलमध्येच राहतो, चासीला फक्त शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे टोक धरायचे असते. कॉइलओव्हरमध्ये गाडीचे सगळे वजन त्या वरच्या ब्रॅकेटवर येते आणि ते उंच, भक्कम बनवावे लागते. उंचीसाठी पाट्याच्या टोकांना बोल्ट आहेत, त्यांना फिरवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात.

ओझ्याच्या बाबतीत मात्र ही गाडी आता पिकअप राहिलेली नाही, हे मान्य करायलाच हवे. हौद्यात १५० किलो टाकले की मागचा भाग दबतो, आर्मच्या रचनेमुळे चाके वरून आत झुकतात आणि टायर आतून खातो. सलग तीन आठवडे ओझे वाहिल्यावर मागच्या दोन्ही टायरांची आतली कड बोटाला धारदार लागत होती, बाहेरची जवळजवळ नव्यासारखी. पाटा कडक करून हे सुटत नाही, रिकामी गाडी उड्या मारते. नियमित माल वाहायचा असेल त्याने मागचा मूळ सॉलिड अ‍ॅक्सल ठेवावा.

रिकामी चालवताना मात्र फरक बसताक्षणी कळतो. वळणात मधेच खड्डा आला तरी शेपूट उडत नाही. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला तरी मागची चाके पकड सोडायची घाई करत नाहीत, कारण ट्रान्सअ‍ॅक्सलचे वजन त्यांच्यावर आहे. स्टिअरिंग एकाच जडपणावर राहते. सी५मध्ये वेगानुसार ते हलके-जड करणारी चुंबकीय व्यवस्था होती, ती आम्ही जोडलेली नाही आणि तिची उणीव भासली नाही. स्टिअरिंग कॉलम ते रॅक तीन युनिव्हर्सल जॉइंट लागले. तीन जॉइंट आले की मधल्या शाफ्टला आधाराचे बेअरिंग हवेच, आणि कुठलाही जॉइंट ३५ अंशांपेक्षा जास्त वाकवू नये.

सहावा गिअर ०.५० चा आणि डिफरेन्शियल ३.४२ चा. मूळ २७५/४०-१८ टायरवर १०० किमी वेगाला सहाव्यात इंजिन सुमारे १,३४० आरपीएमवर येते. कॉर्व्हेटला हे चालते, सपाट तोंडाच्या पिकअपला वारा इतका लागतो की इंजिन गुरगुरू लागते. पाचव्यात १,९८० च्या आसपास येते, तिथे ती खुशीत असते. त्यामुळे दिसायला छान म्हणून उंच टायर लावाल तर सहावा गिअर फक्त शोभेचा उरेल.

ब्रेकचे काम सरळ आहे. पुढे ३२५ मिमी आणि मागे ३०५ मिमी डिस्क असल्याने १७ इंचांपेक्षा लहान चाक बसत नाही. जुन्या ड्रमच्या लाइनमधला, थोडा दाब राखून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह काढून टाका, नाहीतर पॅड कायम घासत राहतात आणि डिस्क तापते. एबीएस नसल्याने मागचा दाब कमी करणारा अ‍ॅडजस्टेबल व्हॉल्व्ह लागतो. तो रिकाम्या हौद्याने, ओल्या रस्त्यावर जुळवून घ्या. हँडब्रेकची केबल मात्र तीनदा बदलावी लागली: सी१०च्या पायाच्या पेडलची ओढ आणि सी५च्या डिस्कमधल्या छोट्या ड्रमची गरज जुळत नव्हती. मधे तरफ टाकल्यावर चढावर गाडी थांबू लागली.

इंजिन तापण्याचा त्रास पहिल्या दोन महिन्यांत झाला. दोष इंजिनाचा नव्हता, आमच्या जोडणीचा होता. हेडमधून निघणारी वाफेची बारीक नळी रेडिएटरच्या खालच्या अंगाला जोडली होती. ती सर्वांत उंच बिंदूला, शक्यतो एक्स्पान्शन टाकीच्या वरच्या भागात जायला हवी. नाहीतर हेडमध्ये हवा अडकते, काटा अचानक चढतो आणि तितक्याच अचानक उतरतो. शिवाय पंख्याला पूर्ण रेडिएटर झाकणारे श्राउड हवे.

पेट्रोलची मूळ टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे होती. ती काढून चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये मागच्या क्रॅडलच्या मागे नवी बसवली. एलएस१ला ५८ पीएसआय दाब लागतो. १९९९ ते २००३च्या कॉर्व्हेटच्या फिल्टरमध्येच रेग्युलेटर असतो, तो टाकीजवळ लावला की परतीची नळी हातभर पुरते आणि इंजिनापर्यंत एकच पाइप जातो. टाकीत आडवे पडदे नसतील तर पाव टाकीखाली लांब वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन आचके देते. आमच्या टाकीत ते नव्हते, नंतर कापून बसवावे लागले. काट्यासाठी सी१०चा मीटर ० ते ९० ओहमचा सेंडर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) मागतो, सी५चा सेंडर त्याला चालत नाही.

वायरिंगमध्ये थ्रॉटल बॉडी, पेडल, टॅक मॉड्यूल (थ्रॉटल चालवणारा नियंत्रक) आणि पीसीएम (इंजिनाचा संगणक) एकाच गाडीचे घ्या, कारण सी५मध्ये अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही. पीसीएममधून चोरीविरोधी कुलूप काढल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही, आणि त्याच वेळी पहिल्यातून थेट चौथ्यात ढकलणारी स्किप-शिफ्टची सक्तीही बंद करून घ्या. चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून असलेल्या लॉकआउटच्या सोलेनॉइडला वीज दिली नाही तर रिव्हर्स टाकायला दोन हातांचा जोर लागतो.

सहाव्या महिन्यात एक चीर सापडली, चासीच्या पेटीचा पत्रा जिथे एकदम सरळ कापून संपत होता तिथे. ताठ भाग आणि लवचीक भाग यांची सीमा सरळ रेषेत ठेवली की सगळा ताण तिथेच साठतो. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती भरली आणि पत्र्याची टोके माशाच्या तोंडासारखी व्ही आकारात कापून पुन्हा जोडली. तेव्हापासून दर १,००० किमीला तिथला रंग पुसून पाहतो, नवी रेष दिसलेली नाही.

क्लचची तयारी गाडी जोडण्याआधीच करून ठेवा. क्लच दाबणारा स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचच्या आवरणाच्या) आत आहे आणि हवा काढायचा स्क्रू हाताला लागत नाही. बाहेरपर्यंत लांब ब्लीडर नळी काढली तर पंधरा मिनिटांचे काम, नाहीतर मागचे क्रॅडल, ट्रान्सअ‍ॅक्सल आणि ट्यूब उतरवण्याला पर्याय नाही. त्यासाठी हौद्याचे बोल्ट असे ठेवलेत की दोघांनी मिळून तो तासाभरात उचलता येतो. क्लचच्या डबीतले तेल लवकर काळे पडते, म्हणून ते महिन्याला उपसून नवे भरतो. ट्यूबच्या रबर कपलिंगसाठी बोगद्याच्या पत्र्यात हाताएवढी झाकणाची खिडकी ठेवली आहे. टॉर्च लावून भेगा पाहता येतात. परवा पाहिले तेव्हा पुढच्या कपलिंगच्या एका बोल्टपाशी केसाइतकी रेघ दिसली, तिच्यावर पांढऱ्या पेनने खूण करून ठेवली आहे.