पार्किंगच्या पाट्या उत्तम, इशाऱ्याच्या पाट्यांना अजून शिकायचंय

कोलोनजवळच्या आमच्या शहरातल्या डिजिटल पार्किंग पाट्यांना मी पाचपैकी साडेचार देईन. आपत्तीचा इशारा देणाऱ्या पडद्यांना मात्र अडीचच.

शहरात शिरताना निळ्या पाट्या लागतात. त्यावर पार्किंगच्या इमारतीचं नाव, बाण आणि शेजारी चमकणारा आकडा असतो: 143, 38, 6. आत जाणारी आणि बाहेर पडणारी प्रत्येक गाडी फाटकापाशी मोजली जाते, त्यावरून हा आकडा बदलत राहतो. जर्मनीत यात नवल नाही, आखन शहरात अशी व्यवस्था 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. मला सगळ्यात आवडतं ते पाटी लावायचं ठिकाण. ती वळणाच्या बऱ्याच आधी असते, लेन बदलायला सवड मिळते.

बाबा सांगलीहून आले होते तेव्हा याची खरी किंमत कळली. त्यांचे गुडघे दुखतात, लांब चालवत नाही. नाताळच्या बाजारात त्यांना घेऊन निघाले, तर चौकाजवळच्या पार्किंगचा आकडा होता 4 आणि पुढच्याचा 60. शनिवार संध्याकाळी 4 म्हणजे आपण पोचेपर्यंत शून्य. मी सरळ पुढचं गाठलं, बाबांना लिफ्टच्या दारापाशीच उतरवलं. पाटीवर नुसतं 'जागा आहे' असतं, तर मी चौकातच अडकले असते.

अर्धा गुण कापला तो अपंगांच्या राखीव जागा वेगळ्या दाखवत नाहीत म्हणून. ज्यांना त्या लागतात त्यांनी आत जाऊन शोधत बसायचं, हे बरोबर नाही.

आता इशारे. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी सकाळी 11 वाजता देशभर इशाऱ्याची चाचणी होते. भोंगे वाजतात, फोन किंचाळतात, शहरातल्या जाहिरातींच्या पडद्यांवरही सूचना येते. यंत्रणा चालते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मजकुराची आहे. मागच्या उन्हाळ्यात धो धो पाऊस झाला तेव्हा पडद्यावर होतं, 'मुसळधार पावसाचा इशारा, सावध राहा.' तेही फक्त जर्मनमध्ये. पाऊस तर काचेवर दिसतच होता! रेल्वेखालच्या बोगद्यात पाणी भरलंय, हे मला पुढच्या गाड्या उलट्या वळायला लागल्यावर कळलं.

मी सांगलीची. आमच्याकडे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे पोराटोरांनाही पाठ असतं. 2019च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांवर गेलं होतं. पातळीचा आकडा कळला की गावभागातली माणसं सामान माळ्यावर चढवतात, गाड्या उंचावर नेऊन लावतात. 'सावध राहा' ऐकून कोणी गादी उचलत नाही.

इथेही हे कळायला हवं. 14 जुलै 2021च्या रात्री अहर नदीच्या खोऱ्यात 130हून जास्त माणसं पुरात दगावली. आल्टेनाहरचं नदीची पातळी मोजणारं केंद्रच पुरात निकामी झालं. त्यानंतर, 2023च्या फेब्रुवारीपासून, धोक्याच्या भागातल्या फोनवर थेट इशारा यायला लागला. फार चांगलं झालं. पण गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, आणि पाट्याही रस्त्यावरच आहेत.

म्हणून माझी सूचना अशी: पूर आला की पार्किंगच्या त्याच पाट्या वापरा. तळघरातल्या पार्किंगपुढे आकडा काढून 'बंद' दाखवा, कारण पाणी सगळ्यात आधी तिथेच शिरतं आणि गाडी वाचवायला माणसंही तिथेच धावतात. बोगद्याच्या आधीच्या पाटीवर आत किती सेंटीमीटर पाणी आहे ते लिहा, आणि बाण उंचावरच्या पार्किंगकडे वळवा. एवढं केलंत तर उरलेले अडीच गुणही आनंदाने देईन.