काळ्या पडद्यासोबत एक हंगाम: लिनक्स कमांड लाइनचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा, हंगाम आटोपला, यंत्रं थांबली आणि ऑफिसात निवांतपणा आला, तेव्हा मी लिनक्सची कमांड लाइन, म्हणजे माऊस सोडून नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांनी कॉम्प्युटर चालवणं, शिकायला घेतली. आता दुसरा हंगामही उतरणीला लागलाय. उन्हाळ्यात जे शिकलो ते दिवाळीनंतर रोज वापरावं लागलं, म्हणून आत्ता लिहितोय. जूनमध्ये लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. त्यात सगळंच आलं: वजनकाट्यावरचं विंडोजचं मशीन, प्रिंटर, कॅमेरे, आणि कोपऱ्यात डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलेला एक जुना डेस्कटॉप, ज्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. काट्याच्या पावत्या त्याच्यावर जमा होतात, बॅकअपही तिथंच. तो बसवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला लागला. मशीन चालू होतं, पण आत काय मांडून ठेवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला मॉनिटरसुद्धा नव्हता, त्यामुळे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, सोडून दुसरा दरवाजाच नव्हता.

खर्च म्हणाल तर ४ जीबी रॅमचा एक सेकंड हँड लॅपटॉप. बाकी सगळं फुकट. त्याच्यावर डेबियन टाकलं आणि डेस्कटॉप मुद्दाम टाकला नाही. माऊस हाताशी असला की हात तिकडेच जातो.

आधी साधनांबद्दल. व्हिडिओ कोर्स मी दोन पाहिले, पैसे देऊन एकही नाही. पाहताना सगळं कळतं आणि लॅपटॉप उघडला की काही सुचत नाही. त्याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

'बँडिट' हा ओव्हरदवायर या वेबसाइटवाल्यांचा खेळ मात्र मनापासून सुचवीन. एसएसएचने (दूरच्या मशीनवर नेटवरून टर्मिनल उघडण्याची सोय) त्यांच्या मशीनवर, २२२० नंबरच्या पोर्टवर जायचं, आणि प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा. सुरुवातीलाच एका फाइलचं नाव नुसतं '-' असतं. कॅट या फाइलचा मजकूर दाखवणाऱ्या कमांडला ते नाव दिलं की ती फाइल उघडायची सोडून कीबोर्डकडे बघत बसते, कारण तिच्या लेखी नुसत्या डॅशचा अर्थ 'इनपुट इथून घे' असा आहे. पुढच्या पायरीवर नावात मोकळ्या जागा असलेली फाइल. आणखी थोडं पुढे गेलं की ढीगभर फायलींतून बरोबर १०३३ बाइटची, वाचता येण्याजोगी आणि न चालवता येणारी फाइल हुडकायची. तेव्हा हा पोरखेळ वाटला होता. आमच्या शेअर फोल्डरमध्ये 'नवीन फाइल (२) अंतिम' छापाची नावं असलेल्या शेकडो फायली निघाल्या तेव्हा कळलं की सराव नेमका याचाच होता. शेवटच्या काही पायऱ्या मी केल्या नाहीत. तिथं खेळ सुरक्षा-तज्ज्ञांचा होत जातो, ऑफिसच्या कामाशी त्याचा संबंध सुटतो.

आता मॅन पेज, म्हणजे कमांडची मशीनमध्येच असलेली माहितीची पानं. यांच्याबद्दल सगळीकडे तक्रार ऐकायला मिळते: कोरडी आहेत, उदाहरणं नाहीत, इंग्रजी जड. तिन्ही खरं आहे. तरी माझं मत तक्रार करणाऱ्यांच्या उलट झालंय, आणि त्याला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम, कारण आहे.

रात्री बॅकअप घेऊन फाइलच्या नावात तारीख घालायची, अशी एक ओळ क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) लिहिली होती. हाताने चालवली की बिनचूक. रात्री मात्र काहीच व्हायचं नाही. इंटरनेटवर उत्तरं ढिगाने, प्रत्येकाचं वेगळं. मॅन क्रॉनटॅब वाचलं तर त्यात फक्त कमांडचे पर्याय. मग लक्षात आलं की मॅन पेजांना विभाग असतात: १ मध्ये कमांड, ५ मध्ये फायलींची रचना, ८ मध्ये सिस्टीम सांभाळणाऱ्याच्या कमांड. 'मॅन ५ क्रॉनटॅब' उघडलं आणि तिथं सरळ लिहिलेलं: क्रॉनच्या ओळीत % या चिन्हाचा अर्थ 'इथं ओळ संपली' असा धरला जातो, हवं असेल तर त्याच्याआधी उलटा तिरका डंडा द्या. तारखेच्या कमांडमध्ये % असतोच. त्याच पानावर हेही आहे की क्रॉन कमांड ठरावीक जागीच शोधतं, त्यामुळे मी कमांडचा पूर्ण पत्ता दिला. दोन वाक्यं, आणि बॅकअप चालू. तेव्हापासून आधी मॅन आणि मग गूगल, हा माझा क्रम झालाय.

हंगाम सुरू झाल्यावर खरी परीक्षा झाली. काट्याचं सॉफ्टवेअर रोजच्या पावत्यांची स्वल्पविरामांनी तोडलेली फाइल काढून देतं: पावती नंबर, तारीख, गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, आणि शेवटी रोख की उधार. दिवाणजी आप्पा रोज संध्याकाळी रोखीच्या क्विंटलची बेरीज वेगळी मागतात. एक्सेलमध्ये ते करायचे, पण फाइल उघडायची, फिल्टर लावायचा, बेरीज करायची, आणि कोणाचा तरी फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. मला ऑकची (रकान्यांच्या फायलींवर काम करणारी कमांड) एक ओळ पुरेल असं वाटलं. शेवटचा रकाना 'कॅश' असेल तर निव्वळ वजन बेरजेत घे.

उत्तर आलं शून्य.

गंमत म्हणजे ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने 'कॅश' शोधलं की त्याला ओळी दिसत होत्या, आणि ऑकला एकही नाही. फाइल तीच, शब्द तोच. कॅटला कॅपिटल ए चा पर्याय देऊन फाइल पाहिली तेव्हा उलगडा झाला. हा पर्याय न दिसणारी चिन्हंही दाखवतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसतं $ यायला हवं होतं, इथं होतं ^एम$. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, एक टाइपरायटरचा गाडा डावीकडे आणण्याचं आणि एक कागद वर सरकवण्याचं. युनिक्स (ज्या धाटणीवर लिनक्स बनलं ती जुनी सिस्टीम) दुसरंच तेवढं ठेवतं. म्हणजे ऑकच्या दृष्टीने शेवटचा रकाना 'कॅश' नव्हताच, त्याला एक शेपूट चिकटलेलं होतं. ग्रेपला ओळीत कुठेही शब्द सापडला तरी चालतं, ऑकला मी बरोबरीचं चिन्ह दिलं होतं, म्हणून त्याने तंतोतंत तुलना केली. टीआर कमांडने ते शेपूट उडवलं आणि तेच पुढे पाइपने ऑकला दिलं.

हा पाइप, म्हणजे '|' ही उभी रेघ, मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. युनिक्समध्ये ती १९७३ साली आली. डग्लस मॅकिलरॉय बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं तिच्या मागे लागले होते आणि केन थॉम्पसन यांनी ती बसवली. एकाच्या तोंडून निघालेलं दुसऱ्याच्या ओंजळीत, मधे फाइल सेव्ह करायची गरज नाही. आप्पांची बेरीज आता तीन तुकड्यांच्या एका ओळीत होते, आणि ती ओळ मी स्क्रिप्टमध्ये (आज्ञा साठवलेल्या फाइलीत) टाकून ठेवल्यामुळे मी सुट्टीवर असलो तरी काट्यावरचा पोरगा ती चालवतो.

दुसरा प्रसंग ऐन आवकेतला. काट्यापासून पार रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि छोटा हत्तींची रांग, आणि आप्पांचा फोन, "भाऊ, पावती निंघी नही ऱ्हायनी!" काट्याचं मशीन म्हणत होतं, सर्व्हरवर जागा नाही. मी होतो अमळनेरला एका लग्नात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि आमच्या व्हीपीएनमधून (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची खासगी वाट) एसएसएचने आत गेलो. रेंज एक-दोन काड्यांची, त्यात स्क्रीन शेअर करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडलंसुद्धा नसतं. एसएसएचला नुसती अक्षरंच न्यायची-आणायची असतात, त्यामुळे ते चाललं.

डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) सांगत होतं डिस्क १०० टक्के भरलेली. डीयूने फोल्डरांची बेरीज केली तर निम्मीसुद्धा भरत नव्हती. सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या अधिकाराने, पुन्हा केलं, कारण साध्या युजरला काही फोल्डर वाचताच येत नाहीत आणि आकडा कमी येतो. तरी तेच. हा फरक ज्यांना कधी ना कधी भेटेल त्यांच्यासाठी सांगतो: लिनक्समध्ये आरएमने फाइल पुसली म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव गेलं. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरली असेल तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो, आणि त्या प्रोग्रॅमने हात सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीयू नावं बघत फिरतं, त्याला ती दिसत नाही. डीएफ डिस्कचा हिशोब विचारतं, त्याला ती दिसते. एलएसओएफला (उघडलेल्या फायली दाखवणारी कमांड) +एल१ दिलं की अशा बिननावाच्या फायली समोर येतात. आमच्याकडे एकच निघाली, पण अगडबंब. आधीच्या पोराने क्रॉनमध्ये एक ओळ ठेवली होती, दर रविवारी एका सर्व्हिसची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) लॉग फाइल, म्हणजे नोंदींची फाइल, पुसायची. सर्व्हिसला ते कधी कळलंच नाही, ती नाव गेलेल्या फाइलीत लिहीतच राहिली. सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि जागा परत आली. पंगतीत बसायला उशीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती ओळ काढून तिथं लॉगरोटेट लावलं, जे सांगून ठेवलं की फाइल बदलल्यावर सर्व्हिसलाही तसं कळवतं.

लाइटीचाही एक मुद्दा आहे. आमचा सर्व्हर इन्व्हर्टरवर, राउटर नाही. लाइट गेली की एसएसएच तुटतं आणि त्यात चालू असलेलं कामही बहुतेक वेळा सोबत जातं. टीमक्स टाकल्यापासून हा वैताग गेला. काम सर्व्हरवरच्या सेशनमध्ये चालत राहतं, लाइट आली की पुन्हा जोडून घ्यायचं. लांबलचक कॉपी किंवा अपडेट असेल तर टीमक्सशिवाय सुरूच करू नये.

न आवडलेल्या गोष्टी. विम या फायली लिहायच्या एडिटरची लोक इतकी आरती का ओवाळतात ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर पडण्यापुरतं यायला हवं (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह), कारण काही मशीनवर दुसरं काही नसतं. रोजच्या सेटिंग फायलींना नॅनो (साधा एडिटर) पुरतं. शिवाय मराठी कीबोर्ड चालू राहिला की विमला दिलेली प्रत्येक आज्ञा हवेत जाते.

देवनागरीची अडचण त्याहून मोठी आहे आणि शिकवणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत. 'गाठी' हा शब्द डब्ल्यूसी या मोजणाऱ्या कमांडला दिला तर बाइट १२ येतात, अक्षरं ४, आणि डोळ्यांना दिसतात २. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला नंबर देण्याची पद्धत) काना-वेलांटी वेगळी मोजली जाते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ते नंबर फाइलीत साठवायच्या पद्धतीत, ३ बाइट लागतात. हे कळेपर्यंत प्रिंटएफ कमांडने आखलेला माझा तक्ता वाकडाच यायचा: इंग्रजी नावांच्या ओळी सरळ, मराठी नावांच्या आत-बाहेर. माझ्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरंही नीट बसत नाहीत. शेवटी शेतकऱ्यांची नावं असलेला तक्ता मी टर्मिनलमध्ये आखणं सोडलं. ऑकने बेरीज करून स्वल्पविरामांची फाइल बाहेर काढतो, छापायचं काम लिब्रेऑफिसला.

नोकरीसाठी शिकणाऱ्यांना दोन शब्द. जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं प्रमाणपत्रासाठी विचारतात. रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए (सिस्टीम सांभाळणाऱ्यांसाठीची) परीक्षा प्रत्यक्ष मशीनवर असते, ३०० पैकी २१० गुण लागतात, पर्यायातून उत्तर निवडायची सोय नाही. इंटरनेट मिळत नाही, मशीनमधली मॅन पेज मिळतात. तेव्हा क्लासची फी भरण्याआधी महिनाभर मॅन पेजवर काढून बघा, तेवढ्यावर निभत नसेल तरच फी भरा. घरच्या लॅपटॉपवर फुकटच्या अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर तोच सराव होतो, कमांड त्याच आहेत. मी स्वतः परीक्षा देणार नाहीये, मला इथून हलायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बॅकअप आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने जळगावच्या दुसऱ्या मशीनवर पाठवायचं आहे, शेठजींनी डिस्कचे पैसे मंजूर केलेत.